मुलाला व्होकेशन कॅम्पला पाठवलं: तीन दिवसांचा अनुभव

माझ्या मुलानं यंदा एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, दिली. शेवटचा पेपर झाल्यावर आठवडाभरानं मी मशीनवर बसले होते, शाळेच्या गणवेशांची घाई सुरू झाली होती, आणि तो शेजारी येऊन म्हणाला, "मम्मी, व्होकेशन कॅम्पला नाव देऊ काय?" पायडलवरचा माझा पाय थांबला. मी म्हटलं, "पप्पांना विचार." पप्पांनी म्हटलं, "मम्मीला विचार." असं चार दिवस चाललं. व्होकेशन कॅम्प म्हणजे फादर व्हायचा विचार मनात असलेल्या मुलांसाठी चर्चचं शिबिर.

हे लिहितेय ते आमच्यासारख्या आई-वडिलांसाठी. ईस्टरच्या काळातला चौथा रविवार हा पाचारणाचा, म्हणजे देवानं या वाटेवर बोलावण्याचा. १९६४ सालापासून सगळ्या जगात त्या दिवशी फादर-सिस्टर होणाऱ्यांसाठी प्रार्थना होते. आमच्या चर्चमध्येही होते, आणि मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) फादर सांगतात की मुलांना कॅम्पला पाठवा. पण तिथं नेमकं काय होतं, मुलाला काय विचारतात, आपण सही केली म्हणजे काय कबूल केलं, हे कुणी नीट सांगत नाही. मी जे बघितलं आणि मुलानं जे सांगितलं तेच लिहिते. कॅम्पचं नाव आणि जागा लिहीत नाही. आलेली पोरं लहान आहेत, त्यांची ओळख फुटायला नको. शिवाय नाव थेट देता येतही नाही, आपल्या चर्चच्या फादरांमार्फतच द्यावं लागतं.

आम्ही खानापूर तालुक्यातले. गावात आमची कॅथलिक घरं साठाच्या आत. घरात मराठी, मिस्सा मराठीत, सासूबाई होत्या तोवर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कोंकणीत. मुलाचे पप्पा विटांच्या भट्टीवर मुकादम आहेत, मी घरात शिवणकाम करते. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी एकेका घरात सात-आठ लेकरं असायची आणि त्यातला एक फादर नाहीतर एक सिस्टर झाली तर घराला केवढा मान. आता घरात दोन लेकरं, नाहीतर एकच. आमच्या चर्चमधनं शेवटची गुरुदीक्षा (फादर होण्याची दीक्षा) झाली तेव्हा माझं लग्न नुकतं झालं होतं. त्यानंतर कुणी नाही.

तरीसुद्धा मी लगेच हो म्हटलं नाही, त्याचं कारण माझी पुतणी.

आठ वर्षांपूर्वी आमच्या गावात दोन सिस्टर आल्या होत्या. लांबच्या राज्यातल्या, आणि कुठल्या संस्थेच्या ते सांगायची गरज नाही. दोन दिवस घरोघरी फिरल्या. दहावी झालेल्या मुली कुठं आहेत, एवढंच विचारत होत्या. इंग्लिश शिकवू, नर्सिंगला घालू, खर्च सगळा आमचा. माझ्या मोठ्या दिरांना तीन मुली. मधलीला पाठवायचं ठरलं. तिला सिस्टर व्हायचंय काय, हे त्या दोघींनी तिला विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मी स्वतः तिला दोन ड्रेस शिवून दिले आणि स्टेशनवर सोडायला गेले.

आठ महिन्यांनी एका संध्याकाळी लोंढ्याच्या स्टेशनावरनं कुणाच्या तरी फोनवरनं तिचा फोन आला, "काकी, मी आलेय. न्यायला या." त्या संस्थेकडनं ना पत्र, ना फोन, ना कुणी सोबत. पोरीनं तीन गाड्या बदलल्या होत्या. तिथं काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. गावानं मात्र ठरवून टाकलं, पळून आली. चर्चमध्ये बायका तिच्याकडं वळून बघायच्या. तेव्हापासून ती मिस्साला शेवटच्या बाकावर बसते, अजून तिथंच बसते. आता ती बेळगावात एका औषधाच्या दुकानात कामाला आहे.

तर मुलानं कॅम्प म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर लोंढ्याचा तो प्लॅटफॉर्म आला.

फॉर्मला तीन कागद लागले: चर्चच्या फादरांचं पत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, आणि आई-वडिलांची संमती. संमतीवर दोघांचीही सही लागते, एकाची चालत नाही. मुलाच्या पप्पांनी दोन दिवस फॉर्म टीव्हीवर ठेवून दिला होता, तिसऱ्या दिवशी सही केली. फी तीनशे रुपये. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून घेत नाहीत, आणि कुणाची घेतली नाही हे इतरांना कळू देत नाहीत. हे मला तिथं गेल्यावर एका दुसऱ्या आईनं सांगितलं.

शुक्रवारी सकाळी खानापूरहून बस धरली. कर्नाटकात बायकांना बस फुकट, म्हणून माझं आधारवर शून्याचं तिकीट, त्याचं तेवढं काढलं. पोचल्यावर मुलांची नावं घेणाऱ्या टेबलाशी एक फादर उभे होते, तेच तिथले व्होकेशन डायरेक्टर, म्हणजे पाचारणाचं काम बघणारे. पन्नाशीचे असतील. माझी नजर कपड्यांवरच जाते, सवयच तशी. त्यांच्या पांढऱ्या झग्याची उजवी बाही कोपरापाशी फाटून परत शिवलेली होती. टाके लांब-लांब, दोरा दुहेरी, आणि पांढऱ्यातला थोडा पिवळट. शिंप्याकडं दिलेला झगा असा येत नाही. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "मीच शिवलंय. सेमिनरीत शिकलो होतो, पण सरळ शिलाई अजून जमत नाही." (सेमिनरी म्हणजे फादर होण्याचं शिक्षण होतं ती जागा.) मी म्हटलं, "फादर, आतनं पट्टी लावून मग टाके घाला, नाहीतर परत फाटेल." त्यांनी बाही उलटी करून मला दाखवली आणि पट्टी कुठं लावायची ते विचारून घेतलं. माझा जीव तिथंच थोडा खाली बसला.

पहिला अर्धा दिवस आई-वडिलांसाठी असतो, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला भाग तोच. चौदा मुलं आली होती, पालक आम्ही नऊ जण. मुलांना एका ब्रदरांबरोबर मैदानावर पाठवलं आणि आम्हाला वर्गात बसवलं. फादरांनी खडू घेतला आणि फळ्यावर वर्षं लिहायला सुरुवात केली. पीयूसीची (अकरावी-बारावीची) दोन. मग एक वर्ष नुसतं प्रार्थनेचं आणि ओळखीचं. मग तत्त्वज्ञान. मध्ये एखादं वर्ष कुठल्या तरी चर्चमध्ये नाहीतर शाळेत प्रत्यक्ष काम. मग ईशज्ञान, म्हणजे थिऑलॉजी. तत्त्वज्ञानाची दोन आणि ईशज्ञानाची चार वर्षं पूर्ण झालीच पाहिजेत, हा चर्चचा कायदा. डीकन (धर्मगुरूच्या आधीची पायरी) व्हायला तेवीस वर्षं पूर्ण लागतात, धर्मगुरू व्हायला पंचवीस, आणि दोन्ही दीक्षांच्या मध्ये कमीत कमी सहा महिने जावे लागतात.

त्यांनी खालनं रेघ मारली आणि म्हणाले, "तुमचा मुलगा आज सोळाचा आहे. त्यानं आज हो म्हटलं तरी पुढची नऊ-दहा वर्षं नाही म्हणायला दार उघडं आहे. आणि दर टप्प्याला आम्हीही त्याला नाही म्हणू शकतो."

मग सिस्टर आणि ब्रदर कसे होतात ते सांगितलं. धर्मप्रांताचे फादर असतात त्यांचं ब्रह्मचर्य असतं, आणि ते बिशपांना आज्ञापालनाचं वचन देतात; दारिद्र्याचं व्रत त्यांना नसतं. संस्थेतले, म्हणजे धर्मसंघातले, फादर, ब्रदर, सिस्टर यांची तीन व्रतं: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. संस्थेत आधी काही काळ नुसतं राहून बघायचं असतं. मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांच्या आधीचा तयारीचा काळ, ते निदान बारा महिन्यांचं, आणि सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय त्यात घेताच येत नाही. त्यानंतर पहिली व्रतं, तीसुद्धा ठरावीक वर्षांसाठी. कायमची व्रतं एकवीसच्या आत नाहीत.

मी वहीत लिहून घेत होते. सतराचा आकडा लिहिला आणि हात थांबला. आमची पोर गेली तेव्हा सोळाची होती. म्हणजे नोव्हिशिएट लांबच राहिलं, ती अजून नुसती राहून बघायला गेलेली होती. बघितलं आणि परत आली. व्रत नाही, वचन नाही, काहीच मोडलेलं नाही. आठ वर्षं आम्ही तिला पळून आलेली म्हणतोय, आणि पळून यायला ती कशात शिरलीच नव्हती.

प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मी उभी राहिले. नावं न घेता पुतणीचं सगळं सांगितलं. आवाज कापत होता. फादरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "ताई, तिला विचारायला हवं होतं, आणि तिला घरी पोचवायला हवं होतं. दोन्ही झालं नाही, ही चूक मोठ्यांची आहे. इथनं एखादा मुलगा पुढं गेला आणि त्याला परत यावंसं वाटलं, तर मी स्वतः त्याला घरी आणून सोडतो आणि त्याच्यासमोर आई-वडिलांशी बोलतो." नुसत्या शब्दांवर मी विश्वास ठेवणारी नव्हते. पण बाकावर माझ्या मागं बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "खरं आहे. माझ्या थोरल्याला असंच आणून सोडलं होतं. आता धाकट्याला घेऊन आलोय." थोरला परत आला आणि तरी धाकट्याला त्याच फादरांकडं आणतात, यापेक्षा मोठी खात्री मला कुणी देऊ शकलं नसतं.

एका वडिलांनी विचारलं, "एकुलता एक आहे. आमच्या म्हातारपणाचं काय?" मला वाटलं आता देव बघून घेईल असं काहीतरी सांगतील. त्यांनी तसं केलं नाही. म्हणाले, "हे आत्ताच घरात बोला, पोरासमोर बोला. जमीन कोण बघणार, दवाखान्याला कोण नेणार. आत्ता बोलला नाहीत तर तो तिकडं शिकताना मनात अपराधीपणा घेऊन शिकेल." त्या वडिलांचं समाधान झालं नाही, त्यांचा चेहराच सांगत होता. तरी तीन दिवस मुलाला ठेवलं.

शेवटी त्यांनी कायद्यातलं एक कलम सांगितलं. दीक्षा घ्यायला कुणावर कसलीही जबरदस्ती करायची नाही, आणि जो योग्य आहे त्याला अडवायचंही नाही. एकाच कलमात दोन्ही. पहिल्या अर्ध्या भागाला आम्ही सगळ्यांनी जोरात माना हलवल्या. दुसरा भाग ऐकला तेव्हा वर्ग गप्प झाला. पुतणीला विचारलं नाही ही चूक मी कबूल करत होते, पण चार दिवस "पप्पांना विचार" म्हणत मुलाला टाळत होते ते काय होतं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरच्या बिशपांच्या सभेनं) १९६५ साली घराला पहिली सेमिनरी म्हटलंय, हेही त्यांनी सांगितलं. सासूबाई गेल्यापासून आमच्या घरात रोझरी बंद पडलेली आहे. त्या दिवशी दुपारच्या बसनं एकटी परत येताना मला हेच सगळं आठवत राहिलं.

आता मुलांच्या तीन दिवसांचं. मी तिथं नव्हते, त्यानं सांगितलं तसं लिहिते.

पावणेसहाला घंटा. प्रार्थना, मिस्सा, मग उप्पीट आणि चहा. आवारातलं गवत काढायचं, आपापली ताटं धुवायची, संडास-बाथरूमची पाळी लावलेली. दुपारी भात-आमटी, भाजी, रविवारी कोंबडी. पोटभर मिळालं म्हणाला, आणि स्वयंपाकाच्या मावशींना मदत करायला रोज दोघंजण आत जायचे. संध्याकाळी फुटबॉल. रात्री एक तास कुणीही कुणाशी बोलायचं नाही, चॅपेलमध्ये नाहीतर बाहेर झाडाखाली नुसतं बसायचं. पहिल्या रात्री त्याला झोप येत होती. दुसऱ्या रात्री तास संपल्याची घंटा झाली तेव्हा त्याला वाटलं लवकर वाजवली.

शनिवारी सकाळी सगळ्यांना एका वृद्धाश्रमात नेलं. भेट म्हणजे गाणी म्हणायची आणि बिस्किटं वाटायची असं मला वाटलं होतं. तिथल्या सिस्टरांनी प्रत्येक मुलाला एकेक काम दिलं. माझ्या मुलाला एका आजोबांची नखं कापायला सांगितली. नखं इतकी जाड की नेलकटर बसेना. सिस्टर म्हणाल्या, आधी कोमट पाण्यात हात भिजव. त्यानं दहा मिनिटं त्यांचे हात पाण्यात धरून ठेवले. आजोबांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळं बोलणं काही नाही. मग एकेक नख, कडेनं थोडं थोडं. दोन्ही हातांना पाऊण तास लागला. हे सांगताना त्यानं माझा हात घेऊन दाखवलं, कुठनं सुरू केलं आणि अंगठ्याला कसं अवघड गेलं ते. माझा मुलगा घरात स्वतःची नखं सांगितल्याशिवाय कापत नाही.

संत जोसेफ वाझ यांची गोष्ट त्याला फार भावली. आपल्या गोव्याचे, बाणावलीला १६५१ साली जन्मलेले. आधी खाली कानडा किनाऱ्यावर सेवा केली. मग कळलं की श्रीलंकेत डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातलीय आणि तिथल्या लोकांना कित्येक वर्षं मिस्साच मिळालेली नाही, तर १६८७ साली मजुराच्या वेशात समुद्र ओलांडून गेले. १७११ साली तिथंच कँडीला वारले, परत आले नाहीत. २०१५ साली पोपमहाशयांनी त्यांना संत घोषित केलं. मुलानं आणखी एक गोष्ट टिपून आणली: पुण्याची पेपल सेमिनरी, जिथं आपल्याकडची मुलं शिकायला जातात, तीही मुळात कँडीलाच १८९३ साली सुरू झाली आणि १९५५ साली पुण्याला आली. "मम्मी, ते इथनं कँडीला गेले आणि सेमिनरी तिथनं इकडं आली," असं दोन-तीनदा म्हणाला.

पण सगळ्यात जास्त तो बोलला ते शनिवारी दुपारी आलेल्या एका सरांबद्दल. सहा वर्षं सेमिनरीत राहून बाहेर पडलेले, आता हायस्कुलात शिकवतात. बायको आणि लहान मुलीला घेऊन आले होते. फादर होण्यासाठी मुलं बोलावलेल्या कॅम्पात, जो फादर झाला नाही त्याला बोलायला उभं करतात, हे मी कुठं ऐकलेलं नव्हतं. त्यांनी मुलांना सांगितलं की आपलं पाचारण हे नाही, हे त्यांना पाचव्या वर्षीच कळलं होतं. पण बाहेर पडायला आणखी एक वर्ष गेलं, कारण सुट्टीत गावी गेल्यावर लोक आधीच "फादर, फादर" म्हणून हाक मारायचे. आईला मिस्सानंतर पुढं बसवायचे. ती हाक कशी परत करायची हे त्यांना समजेना.

हे ऐकल्यावर मला आमच्या गावाचं आठवलं. आमच्याकडंही तेच करतात. पोरगं नुसतं सेमिनरीच्या दारात गेलं की फादर. माझं सगळ्यांना मनापासून सांगणं आहे, मुलांना अशी हाक मारू नका. दीक्षेच्या दिवशी मारा, त्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढं मारेन.

आता जे मला पटलं नाही ते.

भाषा. हा सगळ्यात मोठा दोष. फॉर्मवर लिहिलेलं होतं की मराठी मुलांची सोय आहे. पालकांचं सगळं मराठीत झालं, पण मुलांची बरीचशी सत्रं कानडीत आणि इंग्लिशमध्ये. माझा मुलगा मराठी माध्यमाचा. बाजारात बोलण्याइतकं कानडी त्याला येतं, पण मनातल्या आवाजाचा शोध कसा घ्यायचा, देवाचा आवाज आणि स्वतःची हौस यात फरक कसा ओळखायचा, हे जर त्याला नीट न कळणाऱ्या भाषेत सांगितलं तर तो मान हलवणार आणि गप्प बसणार. तसंच झालं. वाटलेले कागदही इंग्लिशमध्ये. चंदगडकडचे एक तरुण ब्रदर होते, त्यांनी रात्री आमच्या भागातल्या पाच मुलांना बाजूला बसवून ते कागद मराठीत समजावले. त्यांनी स्वतःहून केलं म्हणून झालं. ही व्यवस्था कॅम्पनंच करायला हवी. सीमेवरच्या आमच्या गावांतनं मुलं हवी असतील तर त्यांच्याशी त्यांच्या आईच्या भाषेत बोलायला हवं.

दुसरं, प्रत्येक मुलाशी फादर एकट्यानं बोलतात, त्याला दहा-पंधरा मिनिटंच मिळाली. चौदा मुलं आणि वेळ रविवारचा. माझ्या मुलाला बोलायला तोंड उघडायलाच दहा मिनिटं लागतात. फुटबॉल एक दिवस कमी खेळले असते तर चाललं असतं.

तिसरं, चौदा जणांना दोनच संडास, आणि सकाळी पाणी उशिरा यायचं. आणि रविवारी बाराला या म्हणून सांगितलं होतं, सोडलं दोनला. मुलांचे फोन पहिल्याच दिवशी जमा केलेले, त्याला माझी हरकत नाही, पण उशीर होणार हे आम्हाला कुणीतरी कळवायला हवं होतं. लांबनं आलेल्या दोन आया उन्हात उभ्या होत्या.

हे तिन्ही मी लिहून दिलं. शेवटी पालकांना एक कागद देतात, त्यावर नाव घालायची सक्ती नाही. मी नाव घातलं.

परत येताना बसमध्ये तो काही बोलला नाही. खानापूरच्या स्टँडवर गावाची बस लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो, मी दोन चहा घेतले. मी ठरवलं होतं की विचारायचं नाही. तोच म्हणाला, "फादरांनी सांगितलं, आधी पीयूसी कर. पाचारण खरं असेल तर दोन वर्षांत कुठं पळून जात नाही." मी म्हटलं, "मग तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "मला अजून कळलेलं नाही. पण मी विचारतोय." मी विचारलं, "कुणाला?" त्यानं वर बघितलं नाही, हातातला कप फिरवत राहिला आणि म्हणाला, "येशूला." आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. मला रडू आलं आणि मी चहाचे पैसे द्यायच्या निमित्तानं उठले.

त्यानंतर एकदाही फोन आला नाही. कधी पाठवताय, काय ठरलं, काही नाही. तीन आठवड्यांनी दोन पत्रं आली, एक त्याच्या नावानं, एक आमच्या. हातानं लिहिलेली, आणि मराठीत. आमच्या पत्रात लिहिलं होतं की त्याला पीयूसीला कुठल्या शाखेला घालायचं ते तुम्ही आणि त्यानं मिळून ठरवा, सेमिनरीचा विचार करून ठरवू नका. आणि घरी येऊ काय, अशी परवानगी मागितली होती. मुलाच्या पप्पांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि बायबलमध्ये ठेवलं. त्याचं पत्र मी मागितलं नाही. आता त्यानं कॉमर्स घेतलंय, रविवारी मिस्साच्या वेळी अल्टरवर (वेदीवर) सेवा करतो, आणि रात्री रोझरी परत सुरू झाली आहे, ती त्यानंच सुरू केली.

पाचपैकी मी चार देईन. एक भाषेसाठी कापला.

पाठवणार असाल तर काही गोष्टी. पालकांचा अर्धा दिवस चुकवू नका, काम बुडालं तरी जा, आणि जमलं तर दोघंही जा. आमचे हे आले नाहीत याची त्यांना आता हळहळ वाटते. मुलाबरोबर चादर, बॅटरी, मच्छरांची अगरबत्ती आणि जुने कपडे द्या. इंग्लिश येत नसेल तर नाव देतानाच फादरांना सांगा. आणि कुणी दारात येऊन फुकट शिक्षणाची गोष्ट आधी काढली आणि मुलाला एक प्रश्नही विचारला नाही, तर त्यांना चहा द्या आणि पाठवून द्या. चांगली माणसं आधी मुलाशी बोलतात, चर्चच्या फादरांना भेटतात, आणि जागा बघायला तुम्हालाच बोलावतात.

दसऱ्याच्या सुट्टीत मुलींचा कॅम्प आहे, तो सिस्टर लोक घेतात. माझी धाकटी नववीत आहे, तिनं आतापासून विचारायला सुरुवात केलीय. मी तिला "पप्पांना विचार" म्हटलं नाही. आधी जाऊन त्या सिस्टरांना भेटायचं, स्वयंपाकघर बघायचं, आणि परत यावंसं वाटलेल्या मुलीला त्या घरी कशा पोचवतात ते विचारायचं, असं ठरलंय. गेल्या रविवारी मिस्सानंतर मी शेवटच्या बाकाशी जाऊन पुतणीजवळ बसले, सतरा वर्षांच्या कायद्याचं तिला सांगितलं, आणि इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. आम्ही दोघी चर्च रिकामं होईपर्यंत बसलो होतो. तिनं दुकानातनं एक दिवसाची रजा मागितलीय. सिस्टरांकडं जाताना तीही येणार आहे, तो शेवटचा प्रश्न मीच विचारते म्हणाली.